रूळ पुसणे वगैरे

आमच्या घरी पाहुणे आले की एक ठरलेला प्रसंग घडतो. पाहुण्यांचं पोर "काका, ट्रेन दाखवा ना" म्हणतं. मी आढेवेढे घेतल्यासारखं करून स्टडीचं दार उघडतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवरचं माझं साम्राज्य बघून पोर आणि त्याचे आईबाप एकदम "वॉव" म्हणतात. मी ऐटीत कंट्रोलरचा नॉब फिरवतो आणि... गाडी चार इंच जाते आणि थांबते. मी बोटाने इंजिनाला हळूच टिचकी मारतो. आणखी सहा इंच. दिवा लुकलुकतो. पुन्हा ठप्प.

"सेल संपले का काका?"

अरे बाबा, याला सेल नसतात! पण हे सहा वर्षांच्या माणसाला कसं समजावणार? त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव असतो, तो मी आयुष्यात फक्त आणखी एकदा पाहिलाय. क्लायंटसमोर लाइव्ह डेमो चालू असताना आमची स्क्रीन पांढरीफटक पडली होती तेव्हा.

गाडी अडते ती रुळांवरच्या मळामुळे. आज त्या मळावर लिहिणार आहे. विषय ऐकून पळू नका, पुढे थोडं इंजिनिअरिंग आहे, थोडं घरगुती आहे, आणि माझी बऱ्यापैकी फजिती आहे.

तर हा नाद लागला २००८ च्या हिवाळ्यात. मी ऑनसाइटला शिकागोत होतो. बाहेर मरणाची थंडी, वीकएंडला करण्यासारखं काही नाही, रूममेट दिवसभर झोपलेला. एका शनिवारी तिथल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये गेलो. तिथे 'द ग्रेट ट्रेन स्टोरी' नावाचा साडेतीन हजार चौरस फुटांचा मॉडेल रेल्वे लेआउट होता. शिकागो ते सिअॅटल असा सगळा रस्ता, डोंगर, बंदरं, गगनचुंबी इमारती आणि त्यातून सुळकन जाणाऱ्या गाड्या. मी तिथे तीन तास उभा होतो. पुढच्याच शनिवारी एका हॉबी शॉपमधून स्टार्टर सेट उचलला. एक लंबगोल ट्रॅक, सांता फेच्या लाल-चंदेरी रंगातलं डिझेल इंजिन, चार डबे आणि एक पॉवर पॅक.

पुण्यात आल्या आल्या तो पॉवर पॅक मी थेट भिंतीतल्या प्लगमध्ये घातला. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. पुढचं सांगत नाही. नुसता तो वास आठवला तरी लाज वाटते.

लाज वाटण्याचं आणखी एक कारण म्हणजे तेव्हा शेजारी अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. दौंडला रेल्वेच्या एस अँड टी खात्यात, म्हणजे सिग्नल अँड टेलिकॉममध्ये, सिग्नल मेंटेनर होते. अडतीस वर्षं नोकरी करून २०११ मध्ये रिटायर झाले. मला वाटलं होतं, अण्णा खूश होतील. कारण १९९९ मध्ये माझी थर्ड इयरची फी भरायला ते पुण्यात आले होते, तेव्हा मी त्यांना कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवायला नेलं होतं. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं ते म्युझियम आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. तिथे सगळे लोक गाड्या बघत होते आणि अण्णा सिग्नल बघत होते. बाहेर आल्यावर "बरं केलंय" एवढंच म्हणाले. अण्णांच्या शब्दकोशात 'बरं'च्या वर काही नाही.

माझं सांता फेचं इंजिन मात्र त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, जळक्या पॉवर पॅककडे बघितलं आणि म्हणाले, "खेळणं आहे."

असो. खेळणं तर खेळणं. लग्न झालं, फ्लॅट झाला, लेक झाली, आणि स्टडीतला प्लायवूड टिकून राहिला, हे माझ्या बायकोचे उपकार. लेकीने इंजिनाचं नाव 'डेक्कन क्वीन' ठेवलं. सांता फेवाल्यांना काय वाटेल ते वाटो.

आता थोडं तांत्रिक. या स्केलला एचओ म्हणतात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. अमेरिकेतल्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, माझ्या रुळांमधलं साडेसोळा. खरी इलेक्ट्रिक गाडी वरच्या तारेतून वीज घेते. माझी गाडी रुळांतून घेते. एका रुळातून वीज चाकात, चाकातून मोटरमध्ये आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळात. रुळाचा माथा जेमतेम मिलिमीटरभर रुंद, आणि गोल चाक त्याला टेकणार ते टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. त्या टोकाएवढ्या जागेवर माझा सगळा संसार. तिथे मळ आला की खेळ खलास.

पण हे कळायला मला किती वर्षं लागली! कारण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मध्यंतरी मी लेआउट डीसीसीवर नेला होता. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. यात रुळांत नुसती वीज नसते, विजेच्याच उलटसुलट लाटांमध्ये इंजिनासाठी निरोप असतो. लाटेचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि १०० किंवा जास्त असेल तर तो ०. आधी ओळीने निदान चौदा १ येतात, मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, आणि शेवटी सगळ्यांचं एक्सऑर करून काढलेला एक चेक बाइट. इंजिनातल्या डीकोडरने हिशेब केला आणि तो जुळला नाही, तर तो निरोप निमूटपणे फेकून देतो. आणि या मूळ पद्धतीत इंजिन उलट काही बोलत नाही. "मिळालं", "नाही मिळालं", काही नाही. वरून हुकूम जात राहतात, पुन्हा पुन्हा तेच जात राहतात. पोचले तर पोचले.

हे वाचल्यावर तर मला जोरच चढला. गाडी अडली की मी डीकोडर रीसेट कर, कॉन्फिगरेशन तपास, पॉवर सप्लाय बदल, दर तीन फुटांवर रुळांना नव्या फीडर वायरी जोड, असे उद्योग करायचो. एकदा तर डीकोडरच नवा मागवला. पैसे सांगत नाही, बायको हे वाचते. नव्या डीकोडरचं इंजिन जुन्याच ठिकाणी, त्याच काट्यावर, तसंच अडलं. तेव्हा मी सहज रुळावरून बोट फिरवलं. बोट काळं! काजळ घालता येईल इतकं काळं.

नेटवर्किंगच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात ना, की आधी वायर लागलीय का ते बघा? ते लेक्चर मी बंक केलं असणार.

हा काळा मळ नेमका कशाचा असतो? हवेतली धूळ असते, इंजिनाच्या गिअरमधून पाझरलेलं तेल असतं, प्लॅस्टिकच्या चाकांवरचं किटण असतं. पण मोठा भाग असतो धातूच्या ऑक्साइडचा. चाक आणि रूळ यांच्यात पडणाऱ्या बारीक बारीक ठिणग्यांनी धातू ऑक्सिडाइझ होतो. म्हणजे मळ असला की ठिणग्या जास्त, ठिणग्या जास्त की मळ जास्त. हे रूळ निकल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकल आणि जस्त. पितळी रुळांपेक्षा ते बरेच हळू काळे पडतात, पण पडतात.

मग सुरू झालं माझं सफाई अभियान. पहिली आवृत्ती, पॉलिश पेपर. घासल्यावर रूळ असे काही चमकले की विचारू नका. पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा काळे. कारण उघड आहे. पॉलिश पेपरने रुळावर बारीक चरे पडतात आणि मळाला बसायला कायमची जागा मिळते. दुसरी आवृत्ती, खोडरबर. हे जरा सौम्य, पण रबराचा चुरा काट्यांमध्ये जाऊन बसतो. तिसरी आवृत्ती २०२० मधली. घरात सॅनिटायझरच्या बाटल्याच बाटल्या होत्या. म्हटलं, अल्कोहोलच तर आहे. लावलं रुळांना! त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, हे मला इंजिन रुळांवर घसरायला लागल्यावर कळलं.

चौथी आवृत्ती, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. जगभर बरेच लोक हेच वापरत आलेत. मळ छान निघतो, फडकं काळं होतं, समाधान मिळतं. पण महिन्याभरात पुन्हा तेच. मग 'मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट' मासिकाचे संपादक जो फ्युगेट यांचा २०१९ मधला एक लेख वाचनात आला. त्यांचा मुद्दा असा की अल्कोहोल, अॅसिटोन यांसारखी पोलर सॉल्व्हंट्स मागे जो सूक्ष्म अंश ठेवतात, त्यामुळे त्या बारीक ठिणग्यांना मदतच होते. त्यापेक्षा नॉन-पोलर वापरा. आयसोप्रोपिलचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १८ च्या आसपास, आणि केरोसिनचा दोनच्याही खाली. केरोसिन! म्हणजे आपलं रॉकेल! घरात रॉकेलचा वास सुटल्यावर काय होईल याची कल्पना असल्याने मी रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणलं. तेही त्याच जातीचं. सुती फडक्यावर थोडंसं घ्यायचं, रूळ पुसायचे, खिडकी उघडी ठेवायची, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज चालू करायची नाही. ठिणग्या आणि टर्पेंटाइन यांची भेट घडवून आणू नये.

याने खरंच फरक पडला. पण पूर्ण नाही. माझं गणित असं होतं: तीन महिन्यांतून एकदा पाहुणे येणार, त्याआधी तासभर रूळ पुसायचे, मग वीस मिनिटं गाडी चालवायची, मग लेआउटवर चादर टाकायची. पुढच्या वेळी पुन्हा तासभर. पुसण्याचाच छंद आहे की काय असं वाटायला लागलं होतं.

इथे आता गाडी जरा दुसऱ्या लाइनवर घेतो.

अण्णा दौंडला एकटेच राहायचे. आई २०१९ मध्ये गेली. "पुण्याला या" म्हटलं की "बघू" म्हणायचे. दर रविवारी सकाळी मी फोन करायचो.

"अण्णा, कसे आहात?"

"ठीक."

"जेवण?"

"झालं."

"गोळ्या?"

"घेतो."

"बरं, ठेवू मग?"

"ठेव."

मी एकदा कॉलचा वेळ बघितला. एक्केचाळीस सेकंद. फोन ठेवला की मला एकदम हलकं वाटायचं. सगळं ठीक आहे, आपण विचारलं, त्यांनी सांगितलं, काम झालं. टिकेट क्लोज्ड.

२०२४ च्या जुलैत असाच रविवारी फोन झाला. ठीक, झालं, घेतो, ठेव. बुधवारी शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, अण्णा शुक्रवारी बाथरूममध्ये पडले होते. तुला सांगितलं नाही का? डाव्या बाजूला सगळं काळंनिळं झालंय, नीट बसता येत नाहीये."

शुक्रवारी पडले होते. रविवारी मला "ठीक" म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन आलो. हाड मोडलं नव्हतं, नशीब. गाडीत मी विचारलं, "सांगितलं का नाही?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

पुण्यात आले, पण अण्णांना करमेना. अकराव्या मजल्यावर खिडकीतून बघायचं काय, तर समोरची बिल्डिंग. दौंडला घरात बसून गाड्यांचे आवाज यायचे, आवाजावरून कुठली गाडी किती लेट ते सांगायचे. इथे फक्त लिफ्टचा आवाज. मी नऊला लॅपटॉप उघडायचो तो रात्री अमेरिकेचे कॉल संपेपर्यंत. आता एका घरात होतो, पण संभाषण तेवढंच. "कसं वाटतंय?" "ठीक."

ऑगस्टमध्ये बायकोच्या मैत्रिणीकडची मंडळी आली. पोर म्हणालं, काका ट्रेन दाखवा. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चार इंच, टिचकी, सहा इंच, लुकलुक, ठप्प. अण्णा दारात उभे होते. पाहुणे गेल्यावर मी टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसलो, तेव्हा आत आले. खुर्ची ओढली.

"किती दिवसांनी चालवतोस?"

"दोन-तीन महिन्यांनी."

"मग अडणारच. बंद पडलेली लूप लाइन झाली ही."

आणि मग अण्णा बोलायला लागले. इतकी वर्षं मला माहीत होतं की ते 'सिग्नलमध्ये' आहेत. रात्री-बेरात्री कुणीतरी दार वाजवायचं, "फेल्युअर आहे" म्हणायचं, अण्णा टॉर्च आणि पिशवी घेऊन निघायचे. ते जाऊन नेमकं काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर!

ट्रॅक सर्किट ही चीज त्यांनी मला माझ्याच लेआउटवर समजावली. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशन देऊन वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. लाइन रिकामी असताना वीज रुळांतून रिलेपर्यंत पोचते, रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि अॅक्सल दोन्ही रुळांना जोडतात, वीज मधूनच परतते, रिले पडतो, आणि रिले पडला की सिग्नल लाल. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. आता बऱ्याच ठिकाणी अॅक्सल काउंटर आलेत, पण अण्णांची उमेदीची वर्षं याच ट्रॅक सर्किटवर गेली.

"यात गंमत बघ," अण्णा म्हणाले. "बॅटरी संपली, रिले पडला. वायर तुटली, रिले पडला. पावसाने खडी भिजली, वीज खडीतून गळाली, रिले पडला. गाडी नसताना लाल. ड्रायव्हर शिव्या घालतो, कंट्रोलवाला शिव्या घालतो, आम्ही पावसात धावतो. पण कुणी मरत नाही. याला म्हणायचं सेफ साइड फेल्युअर."

"आणि अनसेफ साइड?"

अण्णांनी रुळावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे. गंज. लाइन वापरात नसली की रुळाच्या माथ्यावर गंजाचा पापुद्रा बसतो. मग गाडी येऊन उभी राहिली तरी चाक रुळाला नीट टेकत नाही. म्हणजे टेकतं, पण वीज जात नाही. रिले पडत नाही. गाडी उभी आहे, आणि वर केबिनमध्ये दिसतंय, लाइन रिकामी. सगळं ठीक."

मी काहीच बोललो नाही.

अण्णा पुढे बोलत होते. ट्रॅक सर्किट तपासताना ते अर्ध्या ओहमचा रेझिस्टन्स दोन्ही रुळांवर टाकायचे आणि रिले पडतो का ते स्वतः बघायचे. "वरून सगळं ठीक दिसतंय म्हणून सोडायचं नाही. आपण गाडी होऊन बघायचं." आणि गंजावर खरा उपाय एकच, गाड्या चालवायच्या. मेन लाइनचे रूळ कधी बघ, आरशासारखे असतात. कुणी पुसायला जातं का? रोजची चाकंच पुसतात. "चुकून लाल लागला तर चालतो रे. चुकून हिरवा चालत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक्केचाळीस सेकंदांचा फोन आठवत होता. दर आठवड्याला हिरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता स्टडीतून आवाज आला. अण्णा मारुतीला पाणी घालतात तशा नेमाने रूळ पुसत होते. मग त्यांनी नॉब फिरवला आणि पंधरा मिनिटं गाडी फिरवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू लेआउटचा ताबा सुटला माझ्या हातून. आधी सगळ्या डब्यांची प्लॅस्टिकची चाकं गेली, धातूची आली. "प्लॅस्टिक मळ उचलून सगळीकडे वाटतं," असा निकाल लागला. मग एका जुन्या डब्याच्या पोटाला खाली खिळ्यांवर सैल तरंगणारा हार्डबोर्डचा तुकडा बसला. ही युक्ती तशी जुनी, पण अण्णांनी ती स्वतःहून काढली. गाडी फिरते तसा तो तुकडा रुळांवरून घासत जातो. खालची बाजू काळी झाली की घासून पुन्हा स्वच्छ करायची. इंजिनाची चाकं पुसायला टिश्यू पेपर. रुळांवर तो आडवा टाकायचा, जरा ओला करायचा, इंजिनाची पुढची चाकं त्यावर आणि मागची रुळावर ठेवून चालवायचं, चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर काळ्या रेघा उमटतात. मग उलट बाजूने. त्या रेघा बघून अण्णांना जो आनंद होतो तो मला अजून कुठल्या ग्रीन बिल्डने दिलेला नाही.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नुसती गाडी चालवून मळ नाहीसा होत नाही. चाकं थोडा मळ आणतातही. पण रोज धातूची चाकं फिरली आणि अधूनमधून पुसलं की थर धरायला वेळच मिळत नाही. पूर्वी तीन महिन्यांनी तासभर घासावं लागायचं, आता रोज पाच मिनिटं फडकं फिरतं. पाहुण्यांची पोरं निराश होत नाहीत. उलट आजोबा हलूच देत नाहीत म्हणून आईबाप निराश होतात.

आणि अण्णांनी एक रजिस्टर सुरू केलं. लेकीची जुनी दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, केलेले काम, दोष, सही. शेवटचा रकाना इन्स्पेक्टरची सही. इन्स्पेक्टर मी. रोज ऑफिसला बसायच्या आधी वही माझ्यासमोर येते.

"रूळ पुसले. गाडी १५ मि. दोष नाही."

"रूळ पुसले. गाडी १५ मि. काटा नं. २ वर अडते. वायर ढिली. दुरुस्त."

"चाके साफ. गाडी २० मि. दोष नाही."

सही करताना मी दोन प्रश्न विचारतो, कारण नुसती सही केलेली त्यांना चालत नाही. कुठली वायर? किती ढिली? मग ते दाखवायला नेतात. मग चहा होतो. मग दौंडची कुठलीतरी पावसाळी रात्र निघते, १९८० च्या आसपासची. माझं साडेनऊचं स्टँडअप हल्ली पावणेदहाला होतं. टीमला सांगितलंय, वरिष्ठांबरोबर मीटिंग असते.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी वही आली. नेहमीप्रमाणे सही करायला पेन उचललं. अक्षर नेहमीचंच, सरळ, रेल्वेच्या फॉर्मवर असतं तसं.

"रूळ पुसले. गाडी १० मि."

आणि दोष या रकान्यात: "स. ५.५० ला उठताना चक्कर. सुमारे २ मि. भिंत धरली. कालही."

मी वर बघितलं. अण्णा खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगकडे बघत होते.

"अण्णा, हे..."

"दोष लिहायचा असतो," ते म्हणाले. "लपवायचा नसतो. नियम आहे."

मी स्टँडअप रद्द केलं आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येत होतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा डोस जास्त होत होता, तो कमी केला. पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, असं सांगितलं. बाथरूममधलं ते पडणंही बहुतेक यातलंच असावं, असं डॉक्टर म्हणाले. बस, एवढंच. दोन मिनिटांची गोष्ट. पण ती सात महिने लाइनवर उभी होती आणि मला लाइन रिकामी दिसत होती.

मंडळी, मॉडेल रेल्वेचा छंद असणारे तुमच्यात फारसे नसतील. असलेच तर सगळं सार एवढंच: पॉलिश पेपर वापरू नका, चाकं धातूची घ्या, अल्कोहोलऐवजी टर्पेंटाइन वापरून बघा (खिडकी उघडी ठेवून!), आणि गाडी रोज चालवा. पाहुण्यांची वाट बघू नका.

माझं म्हणाल तर मी अजून पुरता सुधारलेलो नाही. गेल्या आठवड्यात रिलीज होती. तीन दिवस सकाळी वेळच झाला नाही. गुरुवारी रात्री वही उघडली आणि सोमवार ते गुरुवार चार सह्या एकदम ठोकल्या. ऑफिसची टाइमशीट शुक्रवारी संध्याकाळी भरायची सवय, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी अण्णा वही घेऊन माझ्या टेबलापाशी उभे.

"मंगळवारी तू आत आलाच नाहीस. मग सही कशाची केलीस?"

चारही सह्या त्यांनी लाल पेनाने खोडल्या होत्या.